पावण्यांना वाढा

आमच्या कला महाविद्यालयात मी मातीकाम शिकवते. गेल्या वर्षी पोरांनी महिनाभर चाकावर बसून वाडगे घडवले, भाजले, त्यांना झिलई दिली. बेत साधा होता. पावण्यांनी वाडगा विकत घ्यायचा, त्यातच आख्खा मसूर आणि भात खायचा, वाडगा घरी न्यायचा. आलेले पैसे अक्कांना द्यायचे. अक्का म्हणजे दवाखान्याच्या गेटवर पेशंटच्या नातेवाइकांना रोज दुपारी फुकट जेवू घालणाऱ्या बाई. कुणी गगनबावड्याहून आलेलं असतं, कुणी कुरुंदवाडचं. घरचं माणूस दवाखान्यात पडलं की खिशात चहापुरतंही उरत नाही.

प्राचार्य अक्कांना म्हणाले, "आज तुम्ही चूल पेटवू नका. दोन हंडे जादा शिजवतोय, दुपारी येऊन घेऊन जावा."

पावणे आले, फेटे बांधले, भाषणं झाली. भुकेवर बोलून बोलून सगळ्यांना भूक लागली. मग पंगत बसली. आणि आपल्याकडं पावण्याचा वाडगा रिकामा दिसला की वाढणाऱ्याचा हात थांबत नाही. "घ्या की ओ, लाजताय काय," म्हणत प्राचार्य स्वतः डाव घेऊन फिरत होते.

मी जाऊन सांगितलं, "सर, ते हंडे दवाखान्याचे हायत."

"मॅडम, पावण्यांना न्हाय म्हणायचं काय? कोल्हापूरची अब्रू हाय."

माझं पित्त खवळलं. यांना अब्रू राखायची होती, ती पण दुसऱ्याच्या ताटातलं वाढून.

अक्का डबे घेऊन आल्या तेव्हा हंड्यांचे तळ खरवडून झाले होते. त्यांना स्टेजवर बोलावलं, शाल घातली, हातात एक निळा वाडगा दिला, फोटो काढला. अक्कांनी वाडगा उलटासुलटा करून बघितला.

"चांगला हाय. पण साहेब, जेवाण कुठाय?"

मी माइक घेतला. "पावणं, दोन-दोनदा मसूर खाल्लाय, आता तांदूळ निवडायला तरी बसा." सगळ्यांना एकदम मिटिंगा आठवल्या. मेल्यांनी ढेकर तरी कॉलेजच्या गेटबाहेर जाऊन द्यायचा.

पोरांनीच परत चूल पेटवली. खिचडी घेऊन आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. बरीच माणसं पाणी पिऊन वॉर्डात परतली होती. एक म्हातारा ताट घेऊन गेटवरच बसलेला.

"अक्का, आज लई उशीर?"

"आज तुमच्यासाठी कारेक्रम हुता, बाबा," अक्का म्हणाल्या आणि वाढायला लागल्या.