गाण्यातली किल्ली

जीपवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. मी सोनईच्या घराचं कुलूप एकदा लावून बघितलं, पुन्हा काढलं, आणि किल्ली माझ्या धाकट्या जावेपुढं, पारूपुढं धरली. नवरे आम्हा दोघींचेही गेलेले. तिची वस्तीवरची खोली पत्र्याची, म्हणून तिनं मुला-सुनेला घेऊन माझ्या घरात राहायचं ठरलं होतं. पण तिनं किल्ली घेतली नाही. माझीच मूठ मिटवली. "राहू दे अक्का. दुसरी हाय माझ्याकडं. घर तुझं, मी आपली राखणीला."

राखण कसली गं, असं म्हणणार होते. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, विमान थांबत नाही." जीप निघाली. म्हणायचं राहून गेलं.

आता ही किल्ली काय एवढी, असं तुम्ही म्हणाल. पण माझं माहेर शनीच्या शिंगणापूरचं. तिथं घरांना दारं नसतात, नुसती चौकट. कुत्रं शिरू नये म्हणून आडवी फळी. आलेल्यानं बाहेरून हाक मारायची आणि आत यायचं. सोनईत आमच्या यांनी घर बांधलं तेव्हा जन्मात पहिल्यांदा माझ्या हातात किल्ली आली. किती मिरवले होते मी! आणि इथं अमेरिकेत, नॅशव्हिलला मुलाच्या दाराला किल्लीच नाही, आकडे दाबायचे. मी आकडे विसरते आणि कुणी येईपर्यंत पायरीवर बसून राहते. मग गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातली सोनईची किल्ली चाचपते.

तेच माझ्या नातीनं, तन्वीनं पाहिलं. ती कंट्री गाते. म्हणजे इकडची गावाकडची गाणी बघा: शेत, बापाची जुनी गाडी, सुटलेलं घर. डोक्यावर हॅट, पायात बूट, हातात गिटार. तिचा पहिला अल्बम निघाला. बापाच्या पिकअप गाडीवरचं गाणं आधी गाजलं, आणि त्याच्यामागून 'आजीची किल्ली' तर रेडिओवर, दुकानात, पेट्रोल भरायला थांबलं तरी तिथं! कार्यक्रमात तिनं मला उभं केलं, लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. मीही टाळ्या वाजवल्या. एक अक्षर कळलं नव्हतं मला, पण नात माझी होती ना.

आणि पारू फोन उचलेनाशी झाली.

माझ्या सकाळच्या चहाला तिची संध्याकाळची भाकरी चालू असायची. फोन भिंतीला टेकवून ठेवायची, मी इथं बसून भाकरी थापल्याचा आवाज ऐकायचे. आता नुसती रिंग वाजे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चहा तसाच ठेवून दिला. शेवटी तिच्या सुनेला, सुनीताला लावला. ती हळू आवाजात बोलली.

"मोठ्याई, गाणं आलंय इकडं सगळ्यांच्या मोबाईलवर. खाली मराठीत लिहून येतंय. 'मी येईन, माझं दार माझ्या किल्लीनं उघडीन, आत कुणी का असेना.' ते वाचल्यापासून आई भांडी पोत्यात भरत्यात. वस्तीवर जायचं म्हनत्यात. तुमीच सांगा, बारकं लेकरू घिऊन त्या पत्र्यात कशी ऱ्हाऊ या उन्हात?"

तन्वी तालमीवरून आली तसं तिला धरलं. "काय लिहिलंस तू? आत कोण आहे?"

"आजी, आत म्हणजे जुन्या आठवणी गं. भुतं. गाण्यात तसं म्हणतात."

"माझ्या पारूला भूत म्हणालीस होय!"

तिनं हॅट काढली आणि खालीच बसली. "बदलू का ओळ?" म्हणाली. पण लोकांना ती पाठ झालेली. आता बदलून सोनईत कुणाला कळणार होतं?

मी सुनीताला पुन्हा फोन केला. "पारू नको म्हणाली तरी तिच्या कानाला लाव." पलीकडं भांडी वाजत होती, ती थांबली. मी एका दमात बोलले, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. "पारू, घर तुझं हाय. जीपपाशी म्हणायचं राहिलं. राखण न्हाई, तुझं. मी येते आणि तुझ्या नावावर करून देते."

पलीकडून हुंदका आला.

"कागद नगं मला, अक्का. मी भ्याले हुते. अगं, ते कुलूप कवाच गंजलं. माझ्या रमेशनं हातोडीनं तोडलं. तू तिकडं ती किल्ली गळ्यात घालून बसलीस, तुला कसं सांगू? आन आता पोरीनं त्याच्यावर गानं केलं! म्हटलं, ही किल्ली घिऊन येनार, कुलूप न्हाई आसं बघनार, आन मला बाहेर काढनार."

मला आधी कळेचना. मग असं हसू फुटलं की तन्वी घाबरून धावत आली. पलीकडं पारूही डोळे पुसत हसायला लागली.

"मग आता कोणतं कुलूप लावतेस गं?"

"कशाला लावू? मी असतेच की घरात. आतनं कडी घालते. तू आलीस की हाक मार."

तन्वी अजून ते गाणं गाते, आणि हॅटवाली माणसं माझ्या किल्लीसाठी गळा काढतात. मी पुढं बसून टाळ्या वाजवते. ती किल्ली आता कशालाच लागत नाही हे तिथं मला आणि नातीलाच ठाऊक. तिकीट काढलंय. सोनईतलं कुणी हे ऐकत असेल तर पारूला सांगा, माहेरी मारायचे तशी ओट्यावरून हाक मारीन, कडी काढायला उशीर करू नकोस म्हणावं.