भिंगरीचा डेमो तास

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. जेवता जेवता उठायची, फोनवर बोलताना खोलीभर फिरायची. ती वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करायला लागली, तेव्हा भावोजी ताईला म्हणाले, "झाडं एका जागी उभी असतात, हे हिला कुणी सांगितलंय का?"

संशोधन बरं चाललं होतं. अडलं ते शिकवताना. विभागातल्या एक बाई रजेवर गेल्या आणि पहिल्या वर्षाचा वर्ग हिच्या गळ्यात पडला. फळ्याकडे तोंड करून तिने सुसाट शिकवलं. मधेच विचारायची, "कळलं ना?" वर्ग गप्प. गप्प म्हणजे कळलं, असं तिने धरून टाकलं. मग चाचणीचे पेपर हातात आले. पोरांनी तिचीच वाक्यं लिहिली होती, पण शेंडाबुडखा नसलेली.

त्याच सुमारास संशोधक विद्यार्थ्यांसाठी अध्यापनाचं प्रशिक्षण सुरू झालं. ती गाइडकडे परवानगी मागायला गेली.

"शिकवणं आपोआप येतं," सर मान वर न करता म्हणाले. "तू रिसर्च पेपर लिही."

"मला नाही आलं, सर."

सरांनी सही केली, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

प्रशिक्षणात एकाने शिकवायचं आणि बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं. तिची पाळी झाल्यावर प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "प्रश्न तूच विचारलास, उत्तरही तूच दिलंस. मग आम्ही कशाला आलो होतो?"

सगळे हसले. तीही हसली, पण कान तापले होते.

"प्रश्न विचारलास की थांब," बाई म्हणाल्या. "शांतता बोचली तरी थांब."

आणि हेच तिला जमेना. वर्ग गप्प झाला की तिचे हात शिवशिवत, जीभ वळवळे. खडू मुठीत घट्ट धरून ती उभी राहायला शिकली. हळूहळू तिला दिसायला लागलं, की गप्प बसलेल्यांतला कुणी विचार करतोय आणि कुणी घाबरलाय.

पीएच.डी. संपत आली आणि एका महाविद्यालयातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथे डेमो म्हणून खऱ्या वर्गावर एक तास घ्यायचा होता आणि निवड समिती मागच्या बाकावर बसणार होती. तिने विचारलं, "झाडाला हृदय नाही. मग शेंड्यापर्यंत पाणी चढवतं कोण?"

शांतता. समितीतल्या एकांनी घड्याळ बघितलं. तिच्या मनात आलं, सांगून टाकावं का? ती थांबली.

एक मुलगी चाचरत म्हणाली, "मुळं ढकलत असतील."

"बरं. मग फूल तोडून ग्लासातल्या पाण्यात ठेवलं, तर ते ताजं कसं राहतं? त्याला तर मुळंच नाहीत."

ती पुन्हा थांबली. मग खिडकीजवळचा एक मुलगा जवळजवळ ओरडलाच, "म्हणजे वरून कुणीतरी ओढतंय!"

वर्गात एकदम कलकलाट झाला. पानातून वाफ जाते, तिच्यामागोमाग पाणी ओढलं जातं, इथवर पोरं स्वतः पोचली. पण तिने आखलेला धडा अर्धाच झाला.

नंतर समितीने विचारलं, "भाग अपुरा राहिला, त्याचं काय?" तिने आपल्या पहिल्या वर्गाची फजिती जशीच्या तशी सांगितली. तेव्हा सगळं शिकवून झालं होतं आणि कुणाला काहीच कळलं नव्हतं, हेही.

बाहेर येऊन तिने ताईला फोन केला. "गेलं गं. अर्धंच शिकवलं मी."

"आधी एका जागी बस बघू," ताई म्हणाली.

ती बसली नाही. पुढचे दिवस फोन वाजला की दचकायची. शेवटी महाविद्यालयातून फोन आला: निवड झाली होती, सध्या एका वर्षापुरती.

आता ती तिथे शिकवते. वर्ष संपल्यावर काय, हा घोर आहेच. त्याहून मोठा घोर रोजचा. तास संपला तरी ती रिकाम्या वर्गात येरझाऱ्या घालत राहते. शेवटच्या बाकावरची दोन पोरं आज मान हलवत होती. त्यांना खरंच कळलं, की नुसतीच हलवली? उद्या त्यांना काय विचारावं?