देव निजलाय, घंटा वाजवू नका

अन्याय झाला तो करमाडच्या सुभाषवर. कधी, तर गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, त्याच्याच घरच्या ओट्यावर. दारू सोडून त्याला महिना होत आला होता आणि त्या महिन्यात त्याला धड झोप लागली नव्हती. डोळे लाल, हात थरथरते, बोलताना जीभ अडखळायची. भावानं चारचौघांत त्याचं तोंड हुंगलं आणि म्हणाला, "सणाला कोरडा राहिला नाय वाटतं गडी." सुभाष म्हणाला, "आरं, झोप लागंना रे. दुसरं काय नाय." सगळे हसले. दुपारी तो खरंच पिऊन आला आणि गाढ झोपला. मग रोजच तसा झोपू लागला. दिवाळीच्या आत तो गेला.

सुभाष आणि मी एकाच व्यसनमुक्ती केंद्रात, शेजारशेजारच्या खाटांवर होतो. निघताना आम्हाला हार घातले, शपथ दिली, फोटो काढला. दारू सुटल्यावर झोपही तुम्हाला सोडून जाईल, कित्येक आठवडे येणार नाही, घाबरू नका, डॉक्टरांना सांगा, एवढं मात्र कोणी सांगितलं नाही. दुसरीकडे सांगत असतील. आम्हाला सांगितलं नाही, आणि याचा मला आजही संताप आहे.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. नळाला पाणी का येत नाही, टँकर आधी कोणाच्या दारात जातो, असल्या प्रश्नांवर गारखेड्यात आणि जुन्या शहरात पत्रकं वाटत फिरतो. देवाधर्माशी माझं फारसं जमलं नाही. देवळाच्या भिंतीचा उपयोग मला एकच ठाऊक होता, पत्रक डकवायला. म्हणून पुढचं लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते सांगायला हवं.

सुभाषच्या दहाव्याहून परत आलो तेव्हा माझी गतही त्याच्यासारखीच होती. अंथरुणाची भीती वाटायची. अंग टाकलं की छाती धडधडायची, घामानं उशी भिजायची. डोळा लागतोय असं वाटे तोच कोणीतरी विहिरीत ढकलल्यासारखा दचकून उठायचो. कधी थोडी झोप मिळालीच तर स्वप्नात मी पीत असायचो. जागा झाल्यावर तोंडाला खरीच चव असायची. तळहातावर फुंकर मारून मी माझाच वास घ्यायचो. प्यालोय की नाही, हे माझं मलाही कळेना. सकाळी चहा देताना आई जरा जास्तच जवळ वाकायची. ती का वाकते हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही. बाकी भूतपिशाच्चं असतील नसतील, मला भीती होती ती एवढीच, की एक दिवस झोपेसाठी मी पिईन आणि सुभाषच्या वाटेनं जाईन.

तो दिवस आला. भर दुपारी मी दारूच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरचा माणूस ओळखीचं हसला. "कां थे भाई इत्ते दिन?" मी क्वार्टर घेतली, पिशवीत पत्रकांच्या गठ्ठ्याखाली ठेवली आणि ठरवलं, उरलेली पत्रकं लावायची, घरी जायचं, प्यायची आणि झोपायचं.

जुन्या शहरातल्या एका गल्लीत बाळकृष्णाचं लहानसं देऊळ आहे. मी भिंतीला खळ लावणार तोच आतून पूजा करणाऱ्या बाई बाहेर आल्या. साठीच्या असतील, कमरेला पदर खोचलेला.

"आरं ए, खळ नको लावू. परवाच रंग दिलाय."

"काकू, तुमच्याच पाण्याचं लिहिलंय."

"व्हय? मग आलं का पाणी?"

तेवढ्यात कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला. काकूंनी दोन हंडे उचलले. "बरं झालं आलास. बस हितं. नैवेद्य झालाय, देव निजलाय. येणारा-जाणारा सवयीनं घंटी ठोकतो. कुणी हात घातला तर हात धर त्याचा. अन् पिशवी आत आण, बाहेर शेळी कागद खाती."

"राहू द्या बाहेरच," मी म्हणालो. बाटली घेऊन आत जायचा धीर होईना. काकू तोवर निघूनही गेल्या होत्या.

मी खांबाला टेकून बसलो. समोर ओढलेला पडदा, त्याच्या फटीतून दिसणारा लाकडी पाळणा आणि पिवळ्या दुलईचं टोक. डोक्यावर घंटा. मनात म्हटलं, हे चांगलं आहे. देवाला झोप लागते आणि मी राखणदार. पण राखण घेतली होती, ती नीट करायची तर लक्ष हवं. मी दाराकडे डोळे लावून बसलो. कितीतरी दिवसांनी माझ्यावर झोपण्याची सक्ती नव्हती. काम होतं ते जागं राहायचं. मला वाटलं, ज्याच्याकडे जग मागणं मागायला येतं, तोही पडदा ओढून, कोणाच्या तरी भरवशावर, निवांत पडतो. मी मात्र अंथरुणावर स्वतःचीच राखण करत होतो. डोळे मिटले आणि मी नसलो तर मला कोण सांभाळणार, याच धाकानं. एवढंच सुचलं. पुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवरून पार उतरलं होतं. दचका नव्हता, घाम नव्हता. दारात भरलेले हंडे होते आणि उंबऱ्यावर काकू आडव्या बसल्या होत्या. घंटेकडे गेलेला एका माणसाचा हात त्यांनी मनगटाला धरला होता आणि हळू आवाजात सांगत होत्या, "नको वाजवू, बाबा. दोघंबी निजलेत."

मी धडपडत उठलो. "काकू, देवाला उठवायची वेळ टळली."

"टळली तर टळली. त्याला काय ड्यूटीवर जायचंय?" मग पिशवी माझ्यापुढे सरकवली. "कागद निम्मे शेळीनं खाल्ले. बाटली हाय तशीच. शेळी नाय खात ती."

मी मान वर केली नाही. त्यांनी तोंड हुंगलं नाही, पुढे एक प्रश्न विचारला नाही. मी बाहेर जाऊन गटारापाशी बाटली उलटी केली. काकू मागून आल्या आणि तांब्या पुढे केला. "वर पाणी टाक. नायतर वास ऱ्हाईल." त्या गल्लीत टँकरच्या पाण्याच्या तांब्याचं मोल काय, हे मीच पत्रकात लिहिलं होतं. ते पाणी त्यांनी माझ्यापायी गटारात ओतायला दिलं.

मग त्यांनी पडदा सारला आणि म्हणाल्या, "हां, आता वाजव." मी घंटा वाजवली.

याला चमत्कार म्हणायचं की थकलेल्या माणसाची डुलकी, यावर मी भांडणार नाही. त्या दिवसानंतर झोप लगेच ताळ्यावर आली नाही. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, औषध-सल्ला घेतला, आणि हळूहळू ती येऊ लागली. अजूनही काही रात्री अंथरुणाची भीती वाटते. तेव्हा मी पिवळी दुलई आठवतो आणि म्हणतो, आता तू जागा राहा, मी पडतो. ज्यानं मला त्या दुपारी त्या भिंतीपाशी आणलं आणि टँकरही नेमका तेव्हाच पाठवला, त्याचा मी ऋणी आहे. पाण्याची पत्रकं मात्र चालूच राहतील, हे त्यालाही सांगून ठेवलंय.

सुभाषला असा उंबरा मिळाला नाही. म्हणून हे वाचणाऱ्या तुमच्याकडे माझी मागणी आहे. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत कोणी दारू सोडली असेल, तर आजपासून त्याचं तोंड हुंगणं बंद करा. झोप लागली का, ते विचारा. नाही म्हणाला तर हसू नका, त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि तो आडवा झाला की उठा, दारात जाऊन बसा, आणि बेल वाजवायला येईल त्याचा हात धरा.