आजाऱ्याचं सोंग

वर्ध्याला एका लहानशा प्रशिक्षण केंद्रात मी शिकवते. घरात पडून असलेल्या आजाऱ्याची शुश्रूषा कशी करायची, हा आमचा अभ्यासक्रम. आंजी, अल्लीपूर आणि त्याच्याही आतल्या गावांतून मुली येत. टाळेबंदीत एसट्या थांबल्या, मुली गावीच अडकल्या आणि केंद्राच्या साहेबांनी फोन करून सांगितलं, "मॅडम, आता सगळं व्हिडिओवर शिकवा. खर्च मात्र काही करू नका."

खर्च करायला होतं काय? कॅमेरा म्हणजे माझा फोन. स्टँड म्हणजे स्टुलावर रचलेले पोह्याचे आणि डाळीचे डबे, वरच्या डब्याला रबरबँडने बांधलेला फोन. उजेडासाठी गणपतीच्या मखरातला थर्माकोलचा तुकडा. अडलं होतं ते आजाऱ्यापाशी. ज्या पुतळ्यावर आम्ही शिकवायचो तो केंद्रात कुलपात होता.

"मी आहो नं पुतळा," बाबा म्हणाले.

बाबा एसटीतले निवृत्त कंडक्टर. जन्मभर लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणून ओरडले आणि घरी बसल्यावर ओरडायला कोणी उरलं नाही. फोनसमोर झोपायचं म्हटल्यावर स्वारी भलतीच खूश झाली. दाढी करून, धुतलेली बंडी घालून पलंगावर जाऊन बसले.

आई पालक निवडत होती. तिचा हात थांबला. "घरात असं सोंग करू नाई. वास्तू तथास्तू म्हनते."

मी चिडले. मी नर्सिंग शिकलेली, मुलींना शिकवणारी बाई, आणि माझ्याच घरात हे! मी म्हटलं, वास्तूला दुसरे उद्योग नाहीत का? आई म्हणाली, "तुले हसू येते. मले भेव वाटते." तिला खरंच भीती वाटत होती. तिचा चेहरा बघून मी गप्प बसायला हवं होतं, पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. शेवटी बाबांनीच मध्यस्थी केली आणि आईने दोन अटी घातल्या. एक, पलंगावर डोकं उत्तरेकडे करायचं नाही, कारण तसं मेलेल्या माणसाला ठेवतात. दुसरी, प्रत्येक व्हिडिओ झाला की बाबांनी आपल्या पायांनी उठायचं, दार ओलांडून अंगणात जायचं आणि परत यायचं.

"वास्तूले दिसलं पाह्यजे," ती म्हणाली, "का मानूस धडधाकट आहे म्हनून."

उजेड नीट यायला डोकं उत्तरेलाच हवं होतं. ते जमलं नाही, म्हणून सगळ्या व्हिडिओंत बाबांचा चेहरा अर्धा अंधारात आहे. चेहऱ्याशी मला देणंघेणं नव्हतं म्हणा. अशा व्हिडिओत हात दिसले पाहिजेत. पलीकडचा गुडघा कसा दुमडायचा, एक हात खांद्यामागे आणि एक कमरेमागे कसा ठेवायचा, अंग आपल्याकडे कसं वळवायचं. चित्र थोडं हललं तरी चालतं, पण आवाज खराब असला की मुली बघणं सोडून देतात. म्हणून मे महिन्यात कूलर बंद करून आम्ही घामाच्या धारांत काम करायचो. घंटागाडी गाणं वाजवत आली की थांबायचं, ती गेली की पुन्हा सुरू.

आणि बाबा बोलायचे. लकवा झालेला आजारी म्हणून निजलेला माणूस मध्येच म्हणायचा, "हात थंडा आहे तुहा." हिंगणघाटच्या गाडीतली एखादी गोष्ट आठवायची, ती सांगून टाकायचे. मी ओरडायचे. बाबा, तुम्हाला बोलता येत नाही आहे, लक्षात ठेवा! मग ते ओठ घट्ट मिटून घ्यायचे आणि पोट हसण्याने हलायचं. व्हिडिओ झाला की आईच्या अटीप्रमाणे अंगणात जाऊन यायचे.

रात्री बसून मी हे सगळं कापत असे. एका व्हिडिओत एकच काम, आणि तेही चार-पाच मिनिटांत. घरात एक फोन, त्यावर भावांचाही डोळा, मुली तेवढंच बघतात. कापलेले तुकडे ठेवायला फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून ते रोजच्या रोज पुसून टाकले. फक्त कूस वळवायच्या व्हिडिओत शेवटची काही सेकंदं कापायची राहून गेली. तिथे आजारी डोळे उघडतो आणि विचारतो, "झालं का व बाई? उठू का आता?"

साहेब म्हणाले, "ते शेवटचं काढून टाका, मुली हसतात." काढते म्हटलं आणि कंटाळा केला.

गेल्या वर्षी बाबांना लकवा झाला. खराखुरा. डावी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. बोलणं येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते. ते आलं नाही. घशातून एक आवाज तेवढा निघतो, त्याचा अर्थ लावताना आम्ही दोघी थकून जातो.

आई वास्तूबद्दल एक शब्द बोलली नाही. मी वाट बघत होते. तिने एकदा तरी म्हणावं, सांगितलं होतं तुले. मग मला भांडता आलं असतं, रक्तदाब कसा वाढतो, रक्ताची गुठळी कशी होते, सगळं समजावून सांगता आलं असतं. ती पेज भरवत राहिली. मला सगळं ठाऊक आहे, मी ते शिकवते, तरी अंधार पडल्यावर पलंगाशी बसलं की मनात नको ते येतं. वास्तूने ऐकलं असेल का?

दिवसा मी केंद्रात असते, तेव्हा बाबांची कूस आईनेच बदलायची. मी तिला शिकवायला गेले आणि दोन दिवसांत तिच्यावर खेकसले. असं नाही आई, हात ओढू नको, किती वेळा सांगायचं! तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तो व्हिडू लावून दे मले. तो काई चिडत नाई."

माझा जुना फोन तिला दिला. तो उशीला टेकवून ती बघायची, थांबवायची, बाबांचा गुडघा दुमडायची, पुन्हा बघायची. शिकली. पडून राहून होते तशी एकही जखम बाबांच्या पाठीवर आजवर नाही. माझ्या इतक्या मुलींत अशी विद्यार्थिनी मला मिळाली नाही, आणि मला त्याचा आनंद होत नाही.

परवा केंद्र लवकर सुटलं. फाटकापाशी पोचले तर घरातून बाबांचा आवाज आला.

"झालं का व बाई? उठू का आता?"

अंगणाचं दार सताड उघडं होतं. एवढ्या उन्हात आई ते कधी उघडं ठेवत नाही. मी खिडकीतून बघितलं. बाबांची कूस बदलून झालेली होती, उशा नीट लावलेल्या होत्या. व्हिडिओची गरज आता तिला राहिलेलीच नव्हती. फोन हातात धरून ती पलंगाशी उभी होती, आणि तिने बोटाने तो शेवटचा तुकडा मागे घेऊन पुन्हा लावला.

"झालं का व बाई? उठू का आता?"

"झालं जी," आई म्हणाली. "उठा."

ती दाराकडे बघत होती. बाबांच्या उजव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरली होती.