दामूअण्णांची एक ओळ

पुढाऱ्यांच्या गोष्टी घरात निर्माल्यासारख्या साचतात. टाकवत नाहीत आणि ठेवायला कोनाडा पुरत नाही. अंबरनाथच्या आमच्या घरी त्या साचल्या माझ्या दिरांमुळे, नानामास्तरांमुळे. नाना एका मोठ्या पुढाऱ्याचं चरित्र लिहीत होते आणि माहिती सांगायला दर रविवारी बदलापूरहून दामूअण्णा यायचे. बारा वर्षं ते त्या साहेबांचे सेक्रेटरी होते. बैठक आमच्या ओसरीवर, चहा माझा.

नानांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेबांची सगळ्यात गाजलेली सभा कुठली?"

"बदलापूरची. इंग्रजांच्या वेळची. सतरा माणसं आली होती. त्यात अकरा पोलीस."

"मग गाजली कशी?"

"साहेब दोन तास बोलले. पोलिसांनासुद्धा उठता आलं नाही."

*

फाळणीनंतर साहेब उल्हासनगरला निर्वासितांच्या कॅम्प एकमध्ये गेले. बराकींना तेव्हा दारं नव्हती, गोणपाटं लावलेली. साहेब म्हणाले, "आता हेच आपलं घर समजा."

एक सिंधी म्हातारबाबा हात जोडून उठले. "समझेंगे साईं. पहले दरवाजा तो लगवा दो."

नाना लिहिता लिहिता हसले. दामूअण्णा म्हणाले, "बाबा हसले नव्हते."

*

एका रविवारी एकादशी आली. माझा उपास पाहून दामूअण्णांना साहेबांचं उपोषण आठवलं. सात दिवस चाललं, आठव्या दिवशी मोसंबीच्या रसावर सुटलं, फोटो निघाले.

"तुम्ही काय खात होतात?" मी विचारलं.

"साहेबांसमोर कसं खायचं, वहिनी? मीही पाण्यावरच."

"आणि तुमचं पारणं?"

"ते राहूनच गेलं."

*

चरित्र संपत आलं तेव्हा दामूअण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. त्यांची बायको वेणू आजारात गेली तेव्हा ते साहेबांबरोबर तुरुंगात होते. वांगणीच्या मेहुण्याला वाटे, हे सभा गाजवत हिंडत होते, मुद्दाम आले नाहीत. तो आजतागायत बोलत नाही.

"एक ओळ घाला, नाना. मी आत होतो, एवढीच. छापलेलं तो मानेल."

"ओळ कसली, पान देतो," नाना म्हणाले.

त्या संकष्टीला मी गणपतीपुढे एकवीस दूर्वा वाहिल्या, त्या एका ओळीसाठी.

*

पुस्तक आलं. मजकूर आधी साहेबांकडे तपासायला गेला होता. नवीन पुस्तकाला हळदकुंकू लावायची आमची रीत, म्हणून मी करंडा घेऊन बसले. ओळ शोधली. नव्हती. नाना चष्मा पुसत राहिले. "तिकडून काटछाट झाली, वहिनी."

एक फोटो होता. साहेब तुरुंगाच्या दारातून बाहेर येताहेत. कडेला नुसता एक हात, वळकटी धरलेला. बाकीचा माणूस कापलेला.

दामूअण्णांनी पुस्तक उजेडाकडे धरलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,

"वहिनी, वेणूचा भाऊ हात ओळखेल ना?"