चुन्याच्या डबीतलं वाळं

पानटपरीवर कुणी चुन्याची डबी उघडली की मला हिप्परग्याचं तळं आठवतं. त्या हिवाळ्यात आम्ही हौशी मंडळी पाणपक्षी धरायचो, पायात नंबर कोरलेलं कडं घालायचो आणि सोडून द्यायचो. एका सकाळी मासे धरणारा एक म्हातारा शेवाळलेला चिखल तुडवत आला आणि चुन्याच्या डबीतून त्यानं आमचंच एक कडं काढलं. "मारून खाल्लास ना रे?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. "न्हाय वो सायेब, माज्या जाळ्यात मेल्यालं घावलं. पायात वाळं दिसलं. म्हटलं, कुणीतरी वाट बघत असंल की." एवढं बोलून तो वळला. नंबर वाचायला कडं डोळ्यांजवळ नेलं, तर त्याची टोकं नीट जुळवलेलीच नव्हती. त्या फटीत जाळ्याचा दोरा अजून अडकलेला होता. कोणतं कडं कुणी घातलं याच्या आमच्या वहीत त्या नंबरापुढे सही माझी होती. म्हातारा अजून बांधही चढला नव्हता, हाक मारली असती तर थांबला असता. मी वहीत लिहिलं, 'मासेमाराच्या जाळ्यात मृत.' परवा ती वही पुन्हा हातात आली. नोंद तशीच आहे, माझ्या सुवाच्य अक्षरात.