थांबा नसताना

बसडेपोत एकतीस वर्षं टाइमकीपर राहिलेल्या काकांना निवृत्तीनंतर पुतणीने आपल्या प्रयोगशाळेत चिकटवून दिलं. काम बसून करायचं. पडद्यावरच्या चित्रफितींत डीएनएचे चमकते धागे दिसत. प्रत्येक धाग्याच्या टोकाशी एकच विकर, म्हणजे एन्झाइम, डोळ्यांना न दिसणारं, डीएनएची प्रत उतरवत असे. प्रत होत जाईल तसा धागा लांबे. तो कधी थांबला, कधी सुटला, ते काकांनी सेकंदासकट टिपायचं.

“जन्म गेला गाड्या टिपण्यात, आता धागे टिपा,” काकू म्हणाल्या. “खुर्ची तेवढी मऊ मिळालीय.”

पण काकांच्या कागदांवर थांबेच थांबे. एखादं विकर भन्नाट सुटायचं, एखादं मध्येच वीस सेकंद बसकण मारायचं. कागद पाहून प्रयोगशाळेचे प्रमुख सर पुतणीला म्हणाले, “विकरं एका चालीनं चालतात. काकांचा डोळा लागत असणार. टाकून दे या नोंदी.”

दाराशी आलेल्या काकांनी ते ऐकलं. एकतीस वर्षांत त्यांच्या वेळेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्या दुपारी डबा न उघडताच ते पुढच्या नोंदीला बसले.

पुतणीने शक्कल लढवली. सोमवारच्या चित्रफितींत तिने मागच्या आठवड्यातली एक खालचं वर करून, नवा क्रमांक देऊन घुसडली. संध्याकाळी जुना कागद कपाटातून काढून नव्याशेजारी ठेवला. सात थांबे होते, सातही जुळले. फार तर सेकंदाचा फरक.

“काका, फसवलं मी तुम्हाला!”

“ती डोक्यावर उभी केलेली गाडी ना? लिहून झाल्यावर ओळखली. म्हटलं, पोरगी परीक्षा घेतेय, घेऊ दे.”

हे कळल्यावर सर खाली प्रयोगशाळेत आले, तरी त्यांना शंका होतीच. “कॅमेराच अडकत असेल तर?”

“शेजारचा धागा बघा ना, सर,” काका म्हणाले. “हा थांबलाय आणि तो पळतोय. रस्ता बंद असता तर दोघंही अडकले असते.”

सर खुर्ची ओढून बसले. धागा सरसर वाढला आणि थबकला. दहा सेकंद गेले. पंधरा. सर पुढे झुकत झुकत पडद्याला नाक लावायचे बाकी राहिले.

“अरे, चल ना आता!”

काकांनी कानामागची पेन्सिल काढली.

“घाई नको, सर. सुटली की सांगतो.”